आणणाऱ्याने बसवायचं नाही

जाधव, तुझ्या फोटोला हार घातलेला काही मला बघवला नाही. फोटो तरी कुठला लावला, तर ओळखपत्रावरचा, ज्यात तू फोटो काढणाऱ्याकडे असा बघतोयस की त्याने आत्ताच तुझं पाकीट मारलंय. वहिनींना दुसरा मिळाला नसणार, कारण तुझे सगळेच फोटो तसे आहेत. काल जुईनगरला तुझ्या तेराव्याला मी त्या फोटोसमोर बराच वेळ बसले होते. गुरुजी सांगत होते की आत्म्याला शांती मिळाली. मला काही खात्री नाही. तू जिथे पोहोचला असशील तिथे दारावरच्या माणसाकडे आधी त्याचंच ओळखपत्र मागितलं असशील, आणि ते उजेडात धरून उलटसुलट बघितलं असशील.

तू गेलास त्या रविवारपासून लोक मला येऊन सांगतायत की जाधव किती चांगला माणूस होता. असशील. मी नाही म्हणत नाही. पण त्या चांगल्या माणसाशी मी शेवटचे दिवस धड बोलत नव्हते, आणि त्याला कारणही तोच होता. एवढ्या दिवसांत मला जेव्हा जेव्हा रडू आलं तेव्हा त्याच्या पाठोपाठ रागही आला. एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला, की तुझा संशय मी आणलेल्या त्या पार्टवर होता की माझ्यावर? इतकी वर्षं खुर्चीला खुर्ची लावून बसल्यावर तू मला बेभरवशाची समजत होतास की काय, हे कळल्याशिवाय तुझ्यासाठी मोकळेपणी रडताही येईना. आज उत्तर मिळालं असं वाटतंय. वाटतंय, एवढंच म्हणते. छातीठोक बोलायची सवय तू मला लावली नाहीस.

काल तुझे साताऱ्याचे मामा माझ्या शेजारी बसले होते. जेवणं झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, आमचा संजू काम्प्युटरवर बसून नक्की करायचा काय? इचारायचं राहूनच गेलं बघ." मी जे सांगितलं ते तुला आवडलं नसतं, कारण मी सोपं करून सांगितलं, आणि कोणी सोपं करून सांगितलं की त्याने काहीतरी लपवलंय असं तुला वाटायचं. म्हटलं, मामा, टीव्हीच्या नाहीतर लिफ्टच्या पोटात ती हिरवी पाटी असते ना, बारीक बारीक डबे लावलेली, तिला सर्किट बोर्ड म्हणतात. त्यावर कोणता डबा कुठे बसणार ते आम्ही दोघं ठरवायचो. आधी काम्प्युटरवर चित्रात मांडायचं, मग कारखान्यात खरा बोर्ड बनतो. नवीन पार्ट घ्यायचा असला की त्याचं चित्र बाहेरून आणायचं, कोणी ना कोणी बनवून ठेवलेलं असतं. ते आणलं की पडद्यावर बोर्डाच्या कडेबाहेर, बाकीच्या नव्या पार्टांबरोबर एका ढिगात येऊन पडतं. तिथून एकेक उचलून आत बसवायचा. मामा म्हणाले, "म्हंजी ट्रक खाली केल्यावर गोण्यांची थप्पी लावत्यात तसं." त्यांनी आणि तुझ्या वडिलांनी सगळा जन्म मार्केटात माथाडीचं काम केलं, त्यांना दुसरं काय सुचणार. मी हो म्हटलं.

पुढचं मी मामांना सांगितलं नाही. ती आयती आणलेली चित्रं, त्यांच्यावर तुझा काडीचा विश्वास नव्हता. चित्रात पार्टचे पाय जिथे दाखवलेत तिथेच बोर्डाला भोकं पडणार. चित्र चुकलं की खरा पार्ट बसत नाही, आणि ते कळेपर्यंत बोर्ड बनून आलेले असतात. मी यायच्या आधी असं झालं होतं म्हणे. कोणीतरी रिलेचं चित्र काढलं. रिले म्हणजे ते चौकोनी डबडं, टक् करून वीज चालू-बंद करणारं. बनवणाऱ्यांच्या कागदावर त्याचे पाय खालून बघितल्यासारखे काढलेले असतात, आणि त्या बहाद्दराने ते वरून बघितल्यासारखे उतरवले. डावं उजवं झालं. सगळा लॉट आल्यावर रिले बोर्डाच्या पाठीला लावावे लागले, आणि पेटी उघडली की ते वटवाघळांसारखे लोंबकळताना दिसायचे. ही गोष्ट तू प्रत्येक नव्या माणसाला सांगायचास आणि दर वेळी वटवाघळं वाढायची. ते चित्र कोणी काढलं होतं हे मात्र तू कधीच सांगितलं नाहीस. मला अजून दाट संशय आहे की तूच.

त्यातूनच तुझा नियम निघाला. आणणाऱ्याने बसवायचं नाही. ज्याने पार्टचं चित्र आणलं त्याने ते कडेबाहेर सोडून द्यायचं आणि हात काढून घ्यायचा. दुसऱ्याने ते खऱ्या मापात कागदावर छापायचं, खरा पार्ट त्यावर ठेवायचा, पाय कागदाला टोचून बरोबर जागी आरपार जातात का बघायचं, आणि मगच त्या पार्टला आत घ्यायचं. मी आणलेले तू बसवायचास, तू आणलेले मी. छापायच्या आधी तू पानावर दहा सेंटिमीटरची रेघ मारून ठेवायचास आणि छापून आल्यावर ती स्टीलच्या पट्टीने मोजायचास, कारण प्रिंटर गुपचूप पान लहान करतो असं तुझं म्हणणं. खरंच करतो. मग तू ती पट्टी दुसऱ्या पट्टीला लावून बघायचास. एकदा मी विचारलं, दुसऱ्या पट्टीचं काय? तू इतका विचारात पडलास की मला वाटलं, उगाच विचारलं. दुसऱ्या दिवशी तू तिसरी पट्टी घेऊन आलास.

मी तुर्भ्याच्या त्या गाळ्यात कामाला लागले तेव्हा माझा पहिला बोर्ड तू तीनदा तपासलास. मला वाटलं, बाई आहे म्हणून. मग वाटलं, कांबळे आहे म्हणून. ही शंका आमच्या घरात कोणाला शिकवावी लागत नाही, महाडकडच्या गावातून निघताना आमच्या माणसांनी ती सोबतच आणली. मग मीही खुन्नस म्हणून तुझा बोर्ड तीनदा तपासला, आणि त्यात एका चिपची, ती कोणत्या बाजूने बसवायची ते दाखवणारी खूण भलत्याच कोपऱ्यात सापडली. ती मी सगळ्यांसमोर दाखवली. तू लाल झालास, खूण दुरुस्त केलीस, आणि दुपारी तुझे जुने चार बोर्ड आणून माझ्या टेबलावर ठेवलेस. "हे पण बघ," म्हणालास. माझं काम तपासणारे त्या ऑफिसात पुष्कळ होते. स्वतःचं काम माझ्याकडून तपासून घेणारा तू एकटाच निघालास. त्याबद्दल मी तुझी आभारी आहे, आणि हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर माझं काय काम आहे ते तू आधी विचारलं असतंस.

एक भांडण मात्र खरंखुरं झालं. कडेबाहेरच्या त्या जागेला तू वेशीबाहेर म्हणायचास. नवीन आलाय ना, मग राहू दे वेशीबाहेर. सुरुवातीला मी ऐकून घेतलं, मग एका दुपारी डबा खाता खाता सांगितलं की हा शब्द माझ्यासमोर नको. तू म्हणालास, "अगं, मी पार्टला म्हणतोय." मी म्हटलं, कोणाला म्हणतोस ते कळतं मला, तरी नको.  माफी मागितली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून त्या जागेला फलाट म्हणायला लागलास, आणि हळूहळू अख्खं ऑफिस फलाट म्हणायला लागलं. मी नसताना तू जुना शब्द वापरतोस का, हे मी पुढे कितीतरी दिवस दाराआडून कान देऊन ऐकत होते. नाही वापरलास. संशयाने बघावं आणि माणूस खरा निघावा, असं माझ्या बाबतीत फार वेळा झालेलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

गेले काही महिने तू माझ्यापासून काहीतरी लपवत होतास. तुझ्या शेजारी बसून इतकी वर्षं हेच शिकलेय, मला कसं कळणार नाही? मधूनच एखाद्या मंगळवारी तू दुपारीच निघायचास. विचारलं तर म्हणालास, गावच्या जमिनीचं काम आहे, बेलापूरला कचेरीत जायचंय. माझे वडील रिटायर होईपर्यंत त्याच कचेऱ्यांत कारकून होते. साताऱ्याच्या जमिनीचं काम बेलापुरात होत नाही, ते पुण्याकडे जातं, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक. म्हणजे तू खोटं बोललास, आणि तेही इतकं कच्चं. एका मंगळवारी मी वडिलांना घेऊन बँकेत निघाले होते, तेव्हा तू बेलापूर स्टेशनबाहेर दिसलासही. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होतास. मी हाक मारली नाही. इस्त्रीचा शर्ट आणि फाइल म्हटल्यावर मुलाखत, दुसरं काय? मनात म्हटलं, चालला हा.

त्यात तुझे नवे उद्योग सुरू झाले. आपल्या सगळ्यांचा पडदा काळा, तू तुझा पांढरा करून टाकलास. माउसचा बाण एवढा मोठा केलास की दारातून दिसावा. मला वाटलं, जिथे चाललाय तिथली पद्धत आत्तापासून अंगवळणी पाडून घेतोय. भिंग आपण फक्त बारीक चिपसाठी काढायचो, तू अंगठ्याएवढा कनेक्टरही भिंगाखाली घ्यायला लागलास. आणि पार्टवरचा नंबर माझ्याकडून वाचून घ्यायचास. "वाच बरं, काय लिहिलंय." मी वाचायचे आणि आतल्या आत धुमसायचे, की इतक्या वर्षांनी हा माझी परीक्षा घेतोय.

आणि मग तो लिफ्टचा बोर्ड आला. सोसायटीत लाइट गेली की लिफ्ट अधांतरी अडकू नये, बॅटरीवर जवळच्या मजल्याला येऊन दार उघडावं, एवढंच त्याचं काम. जुने काही पार्ट बाजारात मिळेनासे झाले होते म्हणून बोर्ड नव्याने मांडायचा होता. निम्मे नवे पार्ट मी आणले, निम्मे तू. रिवाजाप्रमाणे तू माझे तपासून बसवलेस, मी तुझे. त्यांना जोडणाऱ्या रेघाही मी ओढत आणल्या होत्या. त्या गुरुवारी मी जेवून परत येते तर पडद्यावर माझे सगळे पार्ट पुन्हा फलाटावर. रिले, कनेक्टर, बॅटरी सांभाळणारी चिप, एकूण एक. मी ओढलेल्या रेघा तुटून लोंबत होत्या. तुझे पार्ट मात्र आत जिथल्या तिथे, एकालाही धक्का नाही.

मी उभ्याउभ्याच विचारलं, "माझे सगळे बाहेर काढलेस?"

"पुन्हा बघायला पाहिजेत."

"का? काय सापडलं तुला?"

"काही सापडलं नाही. म्हणूनच."

"आणि तुझे? तुझे बरे आत राहिले."

"ते ठीक आहेत," म्हणालास. पडद्यावरची नजरसुद्धा हलवली नाहीस.

मला एवढं लागलं ते. चूक दाखवली असतीस तर मी ऐकली असती, रिले उलटा निघाला असता तरी चाललं असतं. पण काही सापडलं नाही, तरी माझे बाहेर आणि याचे आत. मी खुर्ची वळवली आणि तुझ्याकडे पाठ करून दुसऱ्या कामाला बसले. शुक्रवारी दिवसभर मी तुझ्याशी बोलले नाही, आणि तुलाही ते कळलं होतं. संध्याकाळी तू दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन आलास. म्हणालास, "वैशाली, पाच मिनिटं बसतेस का? पार्टचं नाही, दुसरं सांगायचंय." मला वाटलं, आली राजीनाम्याची बातमी. ती तुझ्या तोंडून, तुझ्या सोयीने ऐकायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, सोमवारी बघू. तू माझा ग्लास टेबलावर ठेवून गेलास. शनिवारी तू रजेवर होतास.

रविवारी सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर पिल्ले सरांचा मेसेज आला, की जाधवला झोपेतच हार्ट अटॅक आला आणि तो गेला. मी तो खरा मानला नाही. ग्रुपवर काय वाट्टेल ते येतं. मी तुलाच फोन लावला, खरं काय ते विचारायला. फोन वहिनींच्या भावाने उचलला.

काल सगळे पांगल्यावर वहिनी मला आत घेऊन गेल्या. गॅसजवळच्या स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "डोळ्यांचं तुम्हाला बोलले होते ना ते?" मी म्हटलं, डोळ्यांचं काय? मग त्यांनीच सांगितलं. शुगरमुळे तुझ्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. बेलापूरला डोळ्यांचे डॉक्टर होते, मंगळवारी तिथे इंजेक्शन असायचं. शेवटच्या मंगळवारी डॉक्टर म्हणाले की उजवा डोळा आणखी बिघडलाय. त्या रात्री तू जेवला नाहीस. वहिनी म्हणाल्या, "म्हणत होते, सरांना सांगायच्या आधी वैशालीला सांगतो. ती बरोबर काय ते सांगेल."

तुला खरं सांगू? माझा त्यांच्यावरही पूर्ण विश्वास बसला नाही. डोळ्यांचं खरं होतं, कपाटावर औषधांच्या बाटल्या दिसत होत्या. पण घरात माणूस गेलं की मागची माणसं त्याच्या तोंडी चार चांगली वाक्यं घालतात. आलेल्याला बरं वाटावं म्हणून घालतात, त्यात वाईट काही नाही. मी वहिनींचा हात धरला, रडले, आणि घरी येताना पुन्हा तोच हिशेब मांडत बसले. डोळे बिघडले होते तर इस्त्रीचा शर्ट कळला. पांढरा पडदा कळला, मोठा बाण कळला, भिंग कळलं, नंबर का वाचून घ्यायचास तेही कळलं. पण माझेच पार्ट का काढलेस, याचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. अधू डोळ्यांच्या माणसालासुद्धा शेजारणीवर संशय घेता येतो.

आज शनिवार. पिल्ले सरांनी आल्या आल्या सांगितलं की लिफ्टवाल्यांचा फोन आला होता, बोर्डाची फाइल आज गेलीच पाहिजे. तुझ्या खुर्चीवर कोणी बसत नाही, मीही बसले नाही, स्वतःच्याच खुर्चीत बसून फाइल उघडली. ढीग तसाच होता, गुरुवारी तू टाकलास तसा. बाहेर काढला तरी, पार्ट आत कशाला जोडायचाय ते दाखवणारी एक बारीक रेघ राहतेच, त्या सगळ्या रेघा पडद्यावर ताणलेल्या. मी ठरवूनच आले होते, की आता तू नाहीस, नियमही नाही, माझे पार्ट मीच बसवणार. रिले उचलला, कडेपर्यंत नेला, आणि हात पुढे जाईना. शेवटी उठले आणि पिल्ले सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, आणणाऱ्याने बसवायचं नाही. दुसरं माणूस पाहिजे, तुम्ही या.

सरांनी आजवर आपल्या फाइलींवर न बघता सही केली. तुझ्यामाझ्यातून तावून सुलाखून निघालंय म्हटल्यावर त्यांना बघायची गरज वाटली नव्हती. आज ते उठून आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पहले ये बताओ, किसने क्या चेक किया है."

साधा प्रश्न होता. मी बोट ठेवून सांगायला लागले. हे आत आहेत ते जाधवने आणलेले, म्हणजे मी तपासलेले. आणि हे बाहेर आहेत ते मी आणलेले, म्हणजे जाधवने तपासलेले.

एवढं बोलले आणि तिथेच थांबले. सर विचारत होते, "क्या हुआ?" 

इतके दिवस मी त्या ढिगाकडे माझे पार्ट म्हणून बघत होते. कोणी आणले, एवढंच मला दिसत होतं. तू मात्र नेहमीप्रमाणे कोणी तपासले ते बघत होतास. मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं, आणि गुरुवारी तू स्वतःच्या डोळ्यांखालून गेलेला प्रत्येक पार्ट उचलून बाहेर ठेवलास. जे माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं त्याला बोटही लावलं नाहीस. ते ठीक आहेत, असं तू म्हणालास ते तुझ्या पार्टबद्दल नव्हतं, माझ्या तपासणीबद्दल होतं. जगात कोणावर म्हणून विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने निम्मा बोर्ड माझ्या भरवशावर तसाच सोडला होता, आणि मी त्याच कारणाने तुझ्याकडे पाठ फिरवली.

कशावरून, असं तू विचारशील. मीही विचारतेय. दुसरं काही कारण असेलही, आता तुला कुठे विचारू? पण दुसरं कारण मला शोधूनही सापडत नाही. आणि जाधव, मला तुझा राग येतोय तो येतोच आहे. सरळ का नाही सांगितलंस? वैशाली, मला नीट दिसत नाही, मी बघितलेलं तू परत कोणाकडून तरी बघून घे, एवढं एक वाक्य. तुला भीती वाटली असणार, की नजर गेलेल्या लेआउटवाल्याला कोण ठेवतं. ती मला कळते. पण ती मला सांगण्याऐवजी तू जमिनीच्या कामाची थाप मारलीस, आणि माझ्यासारखीला थाप मारलीस म्हणजे तिने पुढचं सगळं वाकडंच धरायचं हे तुला माहीत असायला हवं होतं. काही सापडलं नाही, म्हणूनच. हे काय उत्तर झालं? काही दिसलं नाही, म्हणायचं होतं ना तुला?

सरांबरोबर बसले. आतले पार्टही मी बाहेर काढले. वाईट वाटून घेऊ नकोस, तू माझ्यावर भरवसा ठेवलास म्हणून मी तो आंधळेपणाने ठेवून घ्यायचा, असं तूच चालू दिलं नसतंस. रेघ मारून पान छापलं, रेघ मोजली. तुझ्या ड्रॉवरमधून पार्टच्या पुड्या काढल्या. सर एकेक पार्ट कागदावर ठेवत गेले, मी बाजूला हात मागे बांधून उभी राहिले. रिलेचे पाय कागदातून बरोबर जागी खाली आले. कनेक्टर बसला. शेवटी बॅटरीची चिप उरली, तिचे पाय केसाएवढे, तिच्यासाठी सरांनी भिंग घेतलं आणि इतका वेळ लावला की मी छापलेली रेघ पुन्हा एकदा मोजून घेतली. मग म्हणाले, "बराबर है, कांबळे. सब बराबर है." मी त्यांना पुन्हा बघायला लावलं. पुन्हा तेच म्हणाले. दुपारी फाइल गेली, आणि तेव्हापासून मी हे तुला लिहितेय, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

तू तपासलेलं एकही चुकलेलं नव्हतं, जाधव. निम्म्या नजरेने बघितलेलंही नाही. स्वतःवर संशय घेऊन तू जे जे बाहेर काढलंस ते सगळं जागच्या जागी बसत होतं. हे तुला त्या शुक्रवारी कोणीतरी तपासून सांगायला हवं होतं, म्हणजे तू शेवटचे दोन दिवस तरी निवांत झोपला असतास. सांगू शकणारं माणूस हाताच्या अंतरावर बसलं होतं, आणि तुला सोमवारी बघू म्हणालं.